मूळ स्थितीतला ट्रॅक्टर

वस्तू जोवर उपयोगाची असते तोवर तिला कोणी विचारत नाही. ती निरुपयोगी झाली की तिला काच, कुलूप आणि अध्यक्ष मिळतो. हे सत्य रत्नागिरी जिल्ह्याला जरा उशिरा, म्हणजे २००२ साली उमगले. त्या साली ‘कोकण पुरातन ट्रॅक्टर व लघुप्रतिकृती संवर्धन मंडळ’ स्थापन झाले. आसपास ट्रॅक्टर जवळजवळ नव्हतेच, त्यामुळे मंडळाच्या कामात अडथळा येण्याची भीती नव्हती.

ट्रॅक्टर का नाहीत, याची मंडळाने शास्त्रशुद्ध पाहणीही केली. पाहिलेल्या ४१२ भातकुणग्यांपैकी, म्हणजे भाताच्या चिमुकल्या शेततुकड्यांपैकी, ४०९ कुणग्यांत ट्रॅक्टर उतरू शकतो, पण वळू शकत नाही. उरलेल्या तिनांत तो वळू शकतो, पण तिथे मधोमध विहीर आहे. (विहिरींसाठी स्वतंत्र उपसमिती होती. तिचे एक सदस्य पाहणी करता करता आत पडले. ते सुखरूप आहेत, अहवाल मात्र भिजला.)

मंडळाच्या अध्यक्षा दमयंतीबाई बेहेरे. बँकांची स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तेव्हा बाईंनी पहिल्या दिवशी अर्ज भरला आणि घरी बसल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांना करमेना. आखातातून सुट्टीवर येणाऱ्या कोणीतरी त्यांना एक खेळण्याएवढा ट्रॅक्टर भेट दिला, आणि बघता बघता कपाटात एकसष्ट झाले. प्रत्यक्षात बाई कधी ट्रॅक्टरवर बसल्या नव्हत्या. अभ्यासकाने विषयापासून अंतर राखावे, असे त्यांचे मत होते.

अशा या मंडळाच्या नजरेत नाटे गावचा रमजान सोलकर भरला, आणि तिथून त्याचे ग्रह फिरले.

रमजानने पंधरा वर्षे बोटीवर इंजिनला तेल घातले होते. घरी परतल्यावर एका बंद पडलेल्या चिरेखाणीवरचा ट्रॅक्टर त्याने आणला. कंपनीच्या नावाची पट्टी खाऱ्या वाऱ्याने केव्हाच खाल्ली होती. ट्रॅक्टरला काम वर्षातून तीनच दिवस. पावसाळ्यात दर्या खवळायच्या आत होड्या पुळणीच्या वाळूवरून वर ओढायच्या आणि झावळ्यांनी शाकारून ठेवायच्या, ही किनाऱ्याची रीत. वाडीच्या अकरा होड्या. पहिल्या होडीपुढे नारळ फुटला की रमजान गोणपाट घातलेल्या लोखंडी सीटवर बसायचा, एक हात चाकावर ठेवून मागे वळून बघायचा, आणि सबंध किनारा त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर हलायचा. ते तीन दिवस तो राजा असे. उरलेले तीनशे बासष्ट दिवस तो झुबेदाचा नवरा असे, आणि ट्रॅक्टरखाली कोंबड्या अंडी घालत.

२००३च्या मार्चमध्ये दमयंतीबाई सुक्या बांगड्यांसाठी नाट्याला आल्या आणि बांगडे विसरून ट्रॅक्टरपुढे उभ्या राहिल्या. आठवड्याने पाच जणांची समिती आली. तिने गंजाची प्रतवारी केली: कोवळा, जून, भाकरीसारखा, पापडासारखा आणि ऐतिहासिक. डाव्या चाकाजवळचा गंज ऐतिहासिक ठरला. कंपनी कोणती यावर मतदान झाले. पाच सदस्य, सहा मते. (एक मत झुबेदाचे. ती चहा घेऊन आली होती.) शेवटी प्रमाणपत्र मिळाले: ‘जिल्ह्यातील एकमेव, मूळ स्थितीतील पुरातन ट्रॅक्टर.’ खाली अटी होत्या. पैकी मुख्य अशा:

एक, ट्रॅक्टर सुरू करू नये. सुरू केल्याने तो झिजतो. दोन, धुऊ नये. तीन, त्यास तेलपाणी करू नये, कारण तेलपाणी न केलेली स्थिती हीच त्याची मूळ स्थिती होय. चार, कोंबड्यांची अंडी जागेवरून हलवण्यापूर्वी मंडळास लेखी कळवावे.

रमजान हरखून गेला. जन्मात त्याला मिळालेले हे दुसरे प्रमाणपत्र. (पहिले देवी टोचल्याचे.) आठ दिवस तो इस्त्रीचा सदरा घालून ट्रॅक्टरशेजारी उभा राहिला. कोणी हात लावला की म्हणायचा, “लांबून बघा. ऐतिहासिक हाय.”

मे संपत आला. एका सकाळी शेजारचा धोंडू आला. अकरांपैकी एक होडी त्याची. घरातली तीच एक कमावती.

“रमजानभाय, होडये कधी काढूचे?”

“मंडळाला इचारायला लागंल.”

“मंडळाक इचार. पन दर्यो काय मंडळाचो सभासद नाय. तो थांबूचो नाय.”

रमजानने अर्ज केला. तिसऱ्या दिवशी उत्तर आले: ‘होड्या वर काढण्यास मंडळाची कोणतीही हरकत नाही. ट्रॅक्टरने काढण्यास आहे. पर्यायी व्यवस्था म्हणून मनुष्यबळाचा विचार व्हावा. मनुष्यबळ अद्याप पुरातन झालेले नाही.’

मनुष्यबळाचा विचार झाला. चाळीस माणसांनी ओंडक्यांवरून धोंडूची होडी ओढायला घेतली. दुपारपर्यंत ती अठरा फूट वर आली आणि संध्याकाळच्या भरतीने ती बावीस फूट मागे नेली. (या वेगाने होडी दिवाळीपर्यंत मस्कतला पोचली असती.) धोंडूची कंबर धरली. रमजान बघायला गेला तेव्हा तो पालथा पडून होता आणि त्याची बायको मैना गरम वाळूच्या पुरचुंडीने शेकत होती. मैनाने चहा केला नाही. रमजानला मनापासून शरम वाटली. घरी येऊन त्याने इस्त्रीचा सदरा उतरवला आणि भिंतीवरचे प्रमाणपत्रही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने नवराबायको रत्नागिरीला गेली.

“बाई, ह्यां परत घ्या,” रमजान म्हणाला. “आमचा ट्रॅक्टर साधाच करून द्या.”

दमयंतीबाईंना वाईट वाटले, पण मंडळाच्या घटनेत परत घेण्याची तरतूद नव्हती. प्रमाणित ट्रॅक्टर सुरू केल्यास मात्र तो ताब्यात घेऊन रत्नागिरीला काचेत ठेवण्याची तरतूद होती, आणि कागदावर रमजानची सही होती. त्याचे तोंड उतरलेले पाहून बाईंनी त्याला बरे वाटावे म्हणून कपाट उघडून दाखवले. एकसष्ट खोकी ओळीने उभी होती. सगळी बंद.

“उघडत नाय कधी?” झुबेदाने विचारले.

“छे! खोकं उघडलं की किंमत पाव होते. न उघडलेलं खोकं म्हणजे संग्रहातली सर्वोच्च प्रत. नियम नऊ.”

“मग आत ट्रॅक्टर हाय, ह्यां कशावरनं?”

“खोक्यावर चित्र असतं ना,” बाई म्हणाल्या. एकसष्ट वेळा विचार करून झालेल्या माणसाच्या शांतपणाने म्हणाल्या.

परतीच्या एसटीत झुबेदा खिडकीशी बसली. राजापूर सुटल्यावर म्हणाली, “अवो, मंग आपलो पन खोक्यात घालूया.”

त्यानंतर जे घडले त्याला मंडळाच्या इतिवृत्तात ‘नाटे येथील क्रांतिकारक पाऊल’ असे म्हटले आहे. आंब्याच्या जुन्या पेट्यांच्या फळ्या ठोकून पुळणीच्या वरच्या अंगाला चौदा फुटी खोके उभे राहिले. दर्शनी बाजूचे चित्र होड्या रंगवणाऱ्या शिवाने काढले. त्याने सवयीने ट्रॅक्टरच्या मागे होडीचे सुकाणूही काढले. (समितीने याची ‘दुर्मीळ आवृत्ती’ अशी नोंद केली.) दमयंतीबाईंना गहिवरून आले. एकास बत्तीस, एकास त्रेचाळीस अशा प्रमाणातल्या प्रतिकृती जगभर होत्या. एकास एक प्रमाणातली, न उघडलेल्या खोक्यातली, हीच पहिली. खोक्याला पुढून लाखेची मोहोर लागली. मागून ते कसे आहे हे कोणी पाहिले नाही, कारण पाठीमागे जाऊन बघणे ही नियम नऊप्रमाणे तपासणी झाली असती, आणि तपासणीने प्रत खालावते.

मागची बाजू झावळ्यांची होती. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या ओहोटीला ती बाजूला सरली.

दुपारपर्यंत चार होड्या वर आल्या. पाचवी धोंडूची. धोंडू कमरेला पंचा आवळून दोराजवळ उभा होता आणि मैनाने सगळ्यांसाठी चहा आणला होता. रमजान गोणपाटावर बसून मागे बघत होता, हाताने इशारे करत होता, आणि सुखाने त्याचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात मोहोर तपासायला दमयंतीबाई आल्या. ट्रॅक्टर धूर सोडत त्यांच्या अगदी पुढ्यातून गेला. रमजानने ब्रेक दाबला.

बाईंनी चष्मा पुसला. “हा कोणाचा?”

“माझाच,” रमजान म्हणाला. खोटे बोलायला त्याला वेळच मिळाला नाही.

बाईंनी ट्रॅक्टर नीट न्याहाळला, मग खोक्यावरचे चित्र न्याहाळले. “साधारण तसाच दिसतो,” त्या म्हणाल्या, “पण खऱ्याची सर नाही. याला सुकाणू कुठंय?” जाताना त्यांनी बजावले, की असला नकली माल मूळ वस्तूजवळ उभा करू नये, बघणाऱ्यांची अभिरुची बिघडते.

रमजानने मान डोलावली आणि गियर टाकला.

खोके आजही मूळ स्थितीत आहे. वर्तमानपत्रात बातमी आल्यापासून मे महिन्यात बाहेरगावची मंडळी गाड्या करकरून येतात आणि खोक्यापुढे फोटो काढतात. पार्श्वभूमीला दर्या हवा म्हणून फोटोवाला खोक्याच्या बाजूने तिरका उभा राहतो, आणि नेमक्या त्याच वेळी कॅमेऱ्यात एक जुनाट ट्रॅक्टर होडी ओढत घुसतो. मग कोणीतरी ओरडते, “ओ काका, ते धूड जरा बाजूला घ्या ना! आम्ही लांबून आलोय.” काका निमूटपणे मागे घेतात. होडी परत पाण्यात जाते. भरती चढत असते, दोराशी कंबर धरून एक म्हातारा उभा असतो, आणि इकडे सगळ्यांचे डोळे एकदम उघडे असलेला फोटो येईपर्यंत अर्धा रोल संपतो.

२००५च्या मेमध्ये तुम्हीही सहकुटुंब आला होतात. अल्बम काढून बघा. डाव्या कोपऱ्यात अर्धे चाक आणि वर केलेला एक हात दिसतो. तो तुम्हाला टाटा करत नव्हता, थांबा म्हणत होता. बाकी फोटो छान आला आहे. खोके अगदी मधोमध आहे.