आजोबांचं विसरणं आणि मी

सुरुवात फक्त टेपपासून झाली. माझे आजोबा टेलर. टेप कायम गळ्यात, फक्त जेवताना खुर्चीवर. एका दुपारी मी तो उचलला आणि मशीनच्या खणात टाकला. पाच मिनिटं त्यांची शोधाशोध बघायला जाम मजा आली. (नववीत दोनदा बसलेल्या माणसाला दुसरी करमणूक काय असणार?)

मग खडू. मग कात्री. मग चष्मा. हाताला चटकच लागली.

तिसऱ्या आठवड्यात आजोबा जेवताना म्हणाले, "माझं डोकं चालेनासं झालंय. ठेवलेलं आठवत नाही."

बाबा लगेच म्हणाले, "मग ठेवा कात्री खाली. कुणाच्या कापडाची वाट लागण्याआधी दुकान बंद करू."

"आधी डॉक्टरांना तर विचारा," आई म्हणाली.

आजोबांनी ताट बाजूला सारलं. चाळीस वर्षांचं दुकान माझ्या टवाळकीपायी बसणार!

दवाखान्यात त्यांना मीच घेऊन गेलो. बाकावर माझा पाय थांबेना. मिनिटामिनिटाला उठत होतो.

"लघवीला लागली असेल तर जाऊन ये," आजोबा म्हणाले.

आत डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय काय विसरलात, आजोबा?"

"टेप, कात्री, चष्मा. तीनदा झालं असं."

मला राहवेना. "मॅडम, ते विसरत नाहीत, मी लपवतो. टेप चारदा, खडू तीनदा, कात्री दोनदा, चष्मा दोनदा. टोटल अकरा."

बाईंचं पेन थांबलं. "अकरा? हे तर तीनच म्हणाले."

मेलो. वाचवायला गेलो आणि पुरावाच देऊन बसलो.

आजोबा शांतपणे म्हणाले, "आठ वेळा मी याला लपवताना बघितलं. पोरगं खेळतंय, खेळू दे म्हटलं. तीनदा मात्र कळलं नाही, त्याचाच घोर लागला होता."

बाईंनी तरी पाच शब्द लक्षात ठेवायला दिले. दहा मिनिटांनी आजोबांनी पाचही सांगितले, वर उलटेही म्हणून दाखवले.

"दुकान खुशाल चालवा," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तू सांग रे."

मला दोन आठवले. त्यातला एक त्यांनी दिलाच नव्हता.

शेवटी आजोबा सुटले आणि पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली मला. बाई चिठ्ठी लिहायला लागल्या, तर आजोबा म्हणाले,

"चिठ्ठी कशाला, तो ती हरवून टाकेल. मला नुसती तारीख सांगा, माझ्या लक्षात राहील."