आम्ही बाहेरगावी होतो तो रविवार

'नाही' हा शब्द मला म्हणता येतो, फक्त समोर माणूस असला की येत नाही. कपाटाच्या आरशासमोर मी तो फार सुंदर म्हणतो. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या तक्रार-खिडकीवर गेली, पण तिथेही मी कधी कोणाला नाही म्हटलं नाही. 'बघतो' म्हणायचो. (पाणी फारसं कोणाला मिळालं नाही, पण निरोपाच्या भाषणात साहेबांनी माझ्या गोड स्वभावाचा खास उल्लेख केला.)

तर या गोड स्वभावाची फळं अशी, की दर रविवारी सकाळी चिरंजीव त्यांची जुळी आमच्याकडे सोडतात आणि लेक तिची एक. दिवे लागल्यावर न्यायला येतात आणि आत शिरतानाच जेवायला काय केलंय ते विचारतात. नातवंडं गुणी आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दिवसभर घोडा होऊन माझ्या पाठीचे बारा वाजतात (तिघांनाही पुढेच बसायचं असतं), आणि बायको सोमवारी उठते ती भिंतीला धरून.

गेल्या आठवड्यात तिने मला समोर बसवलं. "मला एक रविवार असा हवाय, की ज्यात मला कोणालाही सांभाळायचं नाही," ती म्हणाली. "मुलांना तुम्ही सांगा. मी सांगितलं की वाद होतो. तुमचं ऐकतील."

माझं ऐकतील हे ती कशाच्या आधारावर म्हणाली, देव जाणे. पण ती खरोखरच दमलेली दिसत होती आणि मला फार वाईट वाटलं. मी छाती पुढे काढून म्हणालो, आजच सांगतो.

लेकीला फोन लावला. 'नाही' अगदी जिभेवर आणून ठेवलं होतं. तिने विचारलं, या रविवारी जरा लवकरच सोडलं तर चालेल का, आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, आम्ही रविवारी बाहेरगावी चाललोय." मग तेच चिरंजीवांना. पहिली थाप जड जाते, दुसरी आपोआप सुटते. बायकोने विचारलं, "सांगितलंत?" मी म्हणालो, "सांगितलं." (काय सांगितलं, ते तिने विचारलं नाही.)

रविवारी ती गुणगुणत कपडे वाळत घालायला बाल्कनीत निघाली आणि मला घाम फुटला. चिरंजीवांचं घर मागच्याच गल्लीत, त्यांच्या स्वयंपाकघरातून आमची दोरी दिसते. मी म्हणालो, आज कपडे नकोत. मग म्हणालो, खिडकीही नको. रेडिओ नको म्हणालो तेव्हा तिने बादली खाली ठेवली आणि मला सगळं कबूल करावं लागलं. तिने बादलीतला टॉवेल उचलून पुन्हा एकदा करकचून पिळला. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर सांगतो, त्यापेक्षा बोललेलं परवडतं.

तेवढ्यात दारात किल्ली फिरली. (आमच्या घराची एकेक किल्ली दोन्ही मुलांकडे आहे. त्यांनी मागितली होती, आणि पुढचं तुम्हाला कळलंच असेल.) मी बायकोला ओढत बेडरूममध्ये शिरलो आणि दार लोटून घेतलं. फटीतून पाहिलं तर चिरंजीव. त्यांनी चपला काढल्या, सोफ्यावर अंग टाकलं आणि घोरायला लागले. थोड्या वेळाने पुन्हा किल्ली फिरली. आता लेक, हातात जाडजूड कादंबरी.

"दादा, तू इथे काय करतोयस?"

"झाडांना पाणी घालायला आलोय," चिरंजीव डोळे चोळत म्हणाले. "घरी तसं सांगितलंय."

"यांच्याकडे एकच झाड आहे आणि ते प्लॅस्टिकचं आहे."

"आणि तू?"

"गॅस बंद आहे का ते बघायला."

दोघंही हसत सुटली. त्यांना असं शेजारी बसून हसताना मी कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. मला भरून आलं (एकाच डोळ्याला, दुसरा फटीत मावत नव्हता). मग लेक म्हणाली, "खरं सांगू? कधी कधी रविवारी पोरीला घरीच ठेवावंसं वाटतं. पण बाबा इतके खुशीत हो म्हणतात, की नाही आणलं तर त्यांना वाईट वाटेल."

"माझंही तसंच. आता पोरं इथे असली की मला झोप मिळते, तेही आहेच," चिरंजीव म्हणाले. "पण बाबा नको म्हणाले असते तर मी काय रागावलो असतो?"

बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग माझ्याच घरात मी लपून बसणार नाही, असं पुटपुटून ती सरळ बाहेर गेली. दोघांची बोबडी वळली. मग लेकीने विचारलं, बाबा कुठे आहेत.

"बाहेरगावी," बायको शांतपणे म्हणाली. "सांगितलं ना त्यांनी तुम्हाला."

पुढे जे झालं ते मी पलंगाच्या कडेवर बसून नुसतं ऐकलं. बायको सोफ्यावर बसली आणि स्वयंपाक मुलांनी केला. चिरंजीवांनी कांदा चिरला, लेकीने परतला. तो वास दाराखालून थेट माझ्यापर्यंत आला. ताटं घेतल्याचा आवाज झाला. तीन ताटं घेतल्याचा. शेवटी भुकेपुढे अब्रू हरली आणि मी बाहेर आलो.

"प्रवास कसा झाला?" लेकीने भात वाढता वाढता विचारलं.

मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. म्हणालो, "दर रविवार आता आम्हाला झेपत नाही. पोरं हवीत, पण महिन्यातून एखाद्या रविवारी, आणि आधी विचारून. किल्ली असली तरी बेल वाजवायची." आता आभाळ कोसळणार म्हणून मी डोळे मिटले.

"बरं," चिरंजीव म्हणाले. लेकीने माझं ताट घेतलं आणि म्हणाली, तिची पोरगी बुधवारी शाळेतून परस्पर आली तर आवडेल का. मला खरंच आवडणार होतं, म्हणून हो म्हणालो. जन्मभर ज्या शब्दाला भ्यालो, तो भात निवायच्या आत उरकला होता.

या रविवारी बायको सकाळीच बुटांचे बंद बांधत होती. चित्रांच्या प्रदर्शनाला निघाली होती. मीही इस्त्रीचा शर्ट घालून तयार झालो.

"तुम्ही कुठे?" तिने विचारलं. "कोणालाही सांभाळायचं नाही असा रविवार मागितला होता मी. तुम्हाला नेलं की चष्मा शोधा, भूक लागली, पाय दुखले. त्यापेक्षा नातवंडं बरी. ती निदान रस्ता ओलांडताना हात धरतात."

"मीही धरीन," मी म्हणालो.

हळूहळू हसू आलं तिला.

"बरं, चला," ती म्हणाली. "पण निघायच्या आधी बाथरूमला जाऊन या."