मामा उत्तर देत नाही

सकाळी नऊ वाजून सात मिनिटांनी बारकाईरावांनी डबा खणात ठेवला, चष्म्याच्या काचा डावीकडून उजवीकडे पुसल्या, खुर्ची दोन बोटे पुढे घेतली आणि रुग्णालयाच्या संगणक विभागाकडे अशा नजरेने पाहिले, की तेथील कपाटेही आता कबुलीजबाब देतील. ते स्वतःला प्रोग्रामर मानत नसत. प्रोग्रामर चुका दुरुस्त करतो. ते चुकांचा माग काढीत. माणूस कोणत्या बोटाने बटण दाबतो यावरून तो घरी भांडून आला आहे की नाही हे आपण ओळखतो, असा त्यांचा दावा होता. पत्नीने तो एकदाच तपासून पाहिला. त्यानंतर घरात तो विषय निघाला नव्हता. ‘बारकाईराव’ हे नाव सहकाऱ्यांनी थट्टेने ठेवले होते. त्यांनी ते पदवीसारखे स्वीकारले.

नऊ वाजून दहा मिनिटांनी प्रकरण दाखल झाले.

“मामा उत्तर देत नाही,” शेजारच्या टेबलावरून बाई म्हणाल्या.

पंधरा वर्षे शाळेत गणित शिकवून बाई या कामाकडे वळल्या होत्या. त्यांची सहा महिन्यांची उमेदवारी आज संपत होती. त्यांना सेवेत कायम करावे की करू नये, हा रकाना भरून बारकाईरावांनी बारा वाजेपर्यंत सही करायची होती.

‘मामा’ म्हणजे तळमजल्यावरील प्रयोगशाळेच्या संगणकात राहणारा एक ऑब्जेक्ट, म्हणजे नाव देऊन ठेवलेला प्रोग्रामचा एक तुकडा. रुग्णाने वेबसाइटवर आपला क्रमांक टाकला, की वरच्या सर्व्हरवर चालणारा बाईंचा कोड त्या दूरच्या ऑब्जेक्टला नावाने हाक मारी, जणू तो त्याच खोलीत बसला आहे. आणि मामा तपासणीचा अहवाल काढून वर पाठवी. आज हाकेला एवढेच उत्तर येत होते: या नावाचे येथे कोणी नाही.

“अपहरण,” बारकाईराव शांतपणे म्हणाले.

“खाली फोन करून विचारू का?”

“बाई, विचारायचं काम चौकशीच्या खिडकीचं. आपण निष्कर्ष काढतो.”

पहिला निष्कर्ष टेबलाखाली निघाला. वीस मिनिटे केबलींमध्ये रांगून ते धूळभरल्या गुडघ्यांनी बाहेर आले, तेव्हा त्यांच्या हातात एक पेन्सिल होती.

“दातांच्या खुणा पाहा. उंदीर. वयस्क आणि चिडका.”

“ती माझी आहे, राव. पेपर तपासताना चावायची सवय लागली ती लागलीच.”

दुसरा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय होता. “बाहेरच्या टोळीनं आपल्याला मामा बनवलंय.”

“मामा खाली आहे, राव. फोन करू?”

“घटनास्थळ सोडायचं नाही आणि फोनला हात लावायचा नाही.”

तिसरा निष्कर्ष साडेदहाला सापडला. काल सायंकाळी पाच चाळीसला कोडमध्ये बदल झाला होता, आणि तो बाईंनी केला होता.

“एक रिकामी ओळ काढली,” बाई म्हणाल्या. “नीट दिसावं म्हणून.”

“नीटनेटकेपणाचं कारण प्रत्येक गुन्हेगार देतो.”

बाई हसल्या. बारकाईराव हसले नाहीत, तेव्हा त्याही थांबल्या.

“तुम्हाला खरंच वाटतं, मी बिघडवलं?”

“मला काही वाटत नसतं. मी फक्त पुरावा पाहतो.”

मग त्यांनी तीन पाने भरून तपासवृत्त लिहिले आणि खणातून कागद काढून ‘करू नये’ यापुढे खूण केली. बाईंनी ती पाहिली. मग त्या पुन्हा कोड पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या.

पावणेबाराला प्रयोगशाळेतल्या मदतनीस धापा टाकत वर आल्या. “अहो, वेबसाइट बंद आहे का? सकाळपासून हाताने रिपोर्ट वाटतेय मी. रांग पार दारापर्यंत गेलीये.”

“मामा बेपत्ता आहे,” बारकाईराव म्हणाले.

“छे हो. मामासाहेब जागेवरच आहेत.”



“मामासाहेब?” बाईंनी विचारले.

“काल नवा कॉम्प्युटर बसवला ना, त्यानं नाव विचारलं. तुमच्या चिठ्ठीवर नुसतं ‘मामा’ होतं. रोज चारशे रिपोर्ट देणारा तो, त्याला नुसतं मामा काय म्हणायचं? बरं दिसतं का? मी पुढे साहेब लावलं.” त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. “चुकलं का माझं?”

“चुकलं ते माझं,” बाई म्हणाल्या. “नाव जसंच्या तसं टाका, असं मी चिठ्ठीत लिहायला हवं होतं. राहू द्या आता. आम्हीच मान देऊन हाक मारतो.”

त्यांनी कोडमध्ये तीन अक्षरे वाढवली. मामासाहेबांनी लगेच ओ दिली, आणि पडद्यावर पहिला अहवाल उघडला.

“मला ही शंका होतीच,” बारकाईराव म्हणाले.

त्यांनी आपली तीन पाने पुन्हा वाचली. त्यांत उंदीर होता, टोळी होती, रिकामी ओळही होती. खाली एकदा विचारून पाहिल्याचा उल्लेख मात्र कोठेही नव्हता. त्यांनी पानांची घडी घातली, ती आडवी फाडली आणि टोपलीत टाकली. मग ‘करू नये’ यापुढची खूण सरळ रेघेने खोडली, नियमाप्रमाणे खाडाखोडीशेजारी आद्याक्षरे लिहिली, ‘करावे’ येथे खूण करून खाली पूर्ण सही केली. बारा वाजायला सहा मिनिटे होती. कागद शिपायाकडे न देता ते स्वतः जिना चढून आस्थापना विभागात गेले आणि पोच घेऊन परत आले.