लुईसचं बुटकं स्टूल

"स्टूल म्हणे माझ्यासाठी! मी कधी मागितलं?" बोंबलांची डोकी उडवता उडवता जोसेफीन पुटपुटली, पण लुईसला नीट ऐकू जाईल अशा बेतानं.

लुईसने करवत आणखी जोरात चालवली. वाकोल्याच्या त्यांच्या गल्लीत मे महिन्यात संध्याकाळची रोझरीची प्रार्थना घरोघरी फिरते आणि आज ती त्यांच्याकडे होती. प्रार्थना सांगायचा मान लुईसचा. त्याच्याआधी त्याच्या बापाचा. बाप शेवटपर्यंत गुडघे टेकून सांगायचा. लुईसचे गुडघे मात्र गेल्या पावसाळ्यापासून संपावर गेले होते. खुर्चीत बसून सांगावी, तर तो मान घ्यायला शेजारचा व्हर्नन टपलेलाच. त्याचा आवाज मोठा आणि सगळं तोंडपाठ. म्हणून ही युक्ती निघाली होती. बुटकं स्टूल करायचं, पाय मागे दुमडायचे, बूड हळूच स्टुलावर टेकायचं आणि सैल शर्ट वरून सोडून द्यायचा. बघणाऱ्याला वाटावं, माणूस गुडघ्यांवर आहे.

हे तो बायकोला सांगणार नव्हता. तिला ते केव्हाच कळलं होतं, आणि तीही ते त्याला सांगणार नव्हती.

"खाली बसून मासे साफ करतेस, कंबर दुखत असेल तुझी."

"माझी कंबर झकास आहे. तुझं बोल."

"मला काय धाड भरलीय?"

मोडक्या पलंगाच्या फळीला लुईसने चार भोकं पाडली, चांगली आरपार. त्यांत पाय ठोकले, हात सैल सोडून फेविकॉल ओतला, स्टूल उलटं करून जेवणाच्या टेबलावर ठेवलं, पायांवर तांदळाचा डबा चढवला आणि समाधानाने आडवा झाला. आरपार भोकात वरून ओतलेलं खालून निघतं, पण तोवर तो घोरत होता.

उठून त्याने स्टूल उचललं, तर टेबलही हललं.

"जोसेफीन, जरा टेबल धरतेस?"

"कशाला?"

"ते स्टूल... सोडत नाहीये."

जोसेफीनने वाकून पाहिलं. "वाट लागली! हातोडी लावू नकोस हां. पप्पांनी लग्नात दिलेलं सागवानी टेबल आहे. त्याचं सालटं निघालं, तर तुझंही काढीन."

मूर्ती ठेवायची त्याच टेबलावर, आणि माणसं यायची वेळ झालेली. आभाळाकडे पाय करून पडलेल्या त्या स्टुलाकडे जोसेफीन थोडा वेळ बघत राहिली. मग कपाटातून मुलीच्या लग्नातली डोक्यावरची जाळी काढून तिने ती चार पायांवर पसरली, कडेने मोगरा बांधला आणि मरियामातेची छोटी मूर्ती मधोमध ठेवली. मापानेच केल्यासारखी बसली.

"अगो बाय, मांडव!" यव्होन आंटी दारातूनच ओरडल्या. "कुणी केला गं?"

"लुईसने. स्वतःच्या हाताने," जोसेफीन म्हणाली. चेहऱ्यावर हसू येऊ न देता.

व्हर्ननने एक खांब हलवून पाहिला. "मजबूत आहे यार!"

"आता तो हलायचा नाही," लुईस खिन्नपणे म्हणाला.

आणि मूर्तीसमोर त्याने खरेखुरे गुडघे टेकले. त्याच्यामागे खोलीभर माणसांनी टेकले.

प्रार्थना छान झाली. मरियामातेच्या नावांची शेवटची लितानीही संपली. सांगणारा उठल्याशिवाय मागचे उठत नाहीत, अशी रीत. लुईसने जमिनीला हात लावला, जोर केला, आणि गुडघ्याने साफ नकार दिला. त्याने डोळे मिटले.

"आता आजारी लोकांसाठी," तो म्हणाला.

आजाऱ्यांसाठी झाली. मग गल्फला गेलेल्यांसाठी झाली. मग परीक्षेच्या निकालाची वाट बघणाऱ्यांसाठी, मग आरे कॉलनीतल्या झाडांसाठी.

"आज काय भक्ती चढलीय ह्याला!" यव्होन आंटी कुजबुजल्या. जोसेफीनने पदर तोंडावर धरला होता. खांदे हलत होते. रडत असावी, असं आंटींना वाटलं.

मागून येणारं 'आमेन' बारीक बारीक होत चाललं होतं. व्हर्ननचा तर आवाजच येईना.

"आता," लुईसने घाम पुसला, "जगातल्या सगळ्या सुतारांसाठी..."

"लुईस," मागून व्हर्नन कण्हला, "बास कर रे बाबा. तुला उठवत नाही, मला पण उठवत नाही. कुणाचेच गुडघे धड नाहीत इथे. खुर्च्या काढा ना!"