दीड मिनिटाचं उत्तर

"आता मी तुमच्या मंडळीतली एक साधी बाई आहे. मला सांगा, कृपा म्हणजे काय?" उमेदवाराच्या बायकोने अंडी उकडायचा टायमर दीड मिनिटावर लावला आणि हातातलं प्रश्नाचं कार्ड वर धरलं.

उमेदवाराने शर्टाचं वरचं बटण लावलं, घसा खाकरला. "कृपा समजून घ्यायची तर आधी बायबलच्या मूळ भाषेतल्या चार शब्दांकडे वळायला हवं. त्यातला पहिला शब्द..."

टायमर वाजला तेव्हा स्वारी दुसऱ्या शब्दाच्या उंबरठ्यावर होती. बायकोने ठरल्याप्रमाणे एक चिकट टॉफी सोलली आणि त्याच्या तोंडात कोंबली. वेळ संपली की टॉफी, हा तिचा नियम. सकाळपासूनची ही सहावी होती आणि अजून साडेसातही वाजले नव्हते.

प्रेस्बिटेरियन मंडळीचा, म्हणजे त्या पंथाच्या चर्चचा, पाळक किंवा धर्मगुरू व्हायचं तर नुसती पदवी पुरत नाही. आसपासच्या सगळ्या मंडळ्यांचे पाळक आणि वडील एकत्र बसून उमेदवाराची तोंडी परीक्षा घेतात. हे वडील म्हणजे मंडळीने निवडून दिलेले कारभारी. त्यांत कुणी शिक्षिका असते, कुणी सुतार. ज्याच्या मनात जे येईल ते तो विचारतो. गेल्या वर्षी उमेदवाराने पहिल्याच प्रश्नाचं उत्तर बेचाळीस मिनिटं दिलं आणि दुसरा प्रश्न विचारायचं त्राण कुणात उरलं नाही. शेरा आला : 'उमेदवाराला सर्व काही येते. फक्त थांबता येत नाही.'

"जळतात मेले," उमेदवार म्हणाला होता. आत्मविश्वासाच्या बाबतीत गडी कधी कमी पडला नाही.

बायको मात्र औषधांच्या दुकानात कामाला होती आणि डोस जास्त झाला की काय होतं, हे तिला ठाऊक होतं. टेकडीपलीकडची एक मंडळी दोन वर्षं पाळकाविना होती. तिथल्या आजाऱ्यांकडे, म्हाताऱ्यांकडे उमेदवार दर आठवड्याला जायचा. त्या माणसांवर त्याचा खरोखर जीव जडला होता. तीही त्याच्यासाठी थांबली होती, पण फक्त आजच्या परीक्षेपर्यंत. आज नापास झाला तर ती दुसऱ्या पाळकाला बोलावणार होती.

सातव्या टॉफीला कट्‌ असा आवाज झाला. उमेदवाराने टॉफी बाहेर काढली. तिच्यात उजव्या दाढेची कॅप रुतून बसली होती.

"अगं, हे बघ काय झालं!"

"बघतेय. कोपऱ्यावरचा दवाखाना आठला उघडतो. चप्पल घाला."

खुर्चीत आडवं होता होताच उमेदवार सुरू झाला. "डॉक्टर, अकराला माझी पाळकाची परीक्षा आहे. तयारी चोख आहे, काळजी नाही. प्रश्नच काय, पोटप्रश्नसुद्धा पाठ आहेत. आता कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलंय का, त्या पूर्वनियोजनाचंच बघा..."

मास्कवरचे डोळे बारीक झाले. "आवाज ओळखीचा वाटतो."

"वाटणारच. माझं बोलणं एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही."

"ते मात्र खरंय," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सिरिंज भरायला घेतली. "आ करा."

अकरा वाजता उमेदवार चर्चमागच्या सभागृहात उभा राहिला तेव्हा त्याचा अर्धा ओठ, अर्धी जीभ आणि उजवा गाल कुणा परक्याचा असावा तसा लोंबत होता. समोर घडीच्या खुर्च्यांवर एकोणीस माणसं. मागच्या रांगेत, मास्क नसलेले, दाताचे डॉक्टर! म्हणजे तेही एका मंडळीचे वडील होते.

"तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा का देता?" अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवत विचारलं.

याची उमेदवाराकडे अकरा कारणं होती. पण पहिलं सांगायला तोंड उघडलं तशी लाळ हनुवटीवर आली. त्याने रुमाल लावला. "देवाचं वचन आधी येतं," तो सावकाश म्हणाला. "आपलं उत्तर नंतर."

अध्यक्षांनी वाट पाहिली. पुढे काहीच येईना, तेव्हा त्यांनी चकित होऊन घड्याळ पुन्हा खिशात टाकलं.

"कृपा म्हणजे काय?" पुढच्या रांगेतल्या शिक्षिकाबाईंनी विचारलं.

"आपण कमावली नाही, तरी मिळाली, ती." पुन्हा रुमाल. बाईंना वाटलं, बिचाऱ्याला भरून आलंय. त्यांनीही आपला रुमाल काढला.

एक म्हातारे सुतार उठले. "माझी बायको गेल्या महिन्यात गेली. उद्या मी तुम्हाला विचारलं, देवाने असं का केलं, तर काय सांगाल?"

यावर कार्ड क्रमांक एक्केचाळीस होतं, सात मुद्द्यांचं. उमेदवाराने पाठीमागे सातही मुद्दे बोटांवर मोजले. पण जीभ हलेना आणि म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर मुद्देही हलेनात. तो जाऊन सुताराशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसला.

"मी घरी येईन," तो म्हणाला. "बसेन."

"आणि बोलाल काय?"

"काही नाही."

सुताराने त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. एकोणीसच्या एकोणीस हात वर झाले, कागदावर सह्या झाल्या, आणि अध्यक्ष आनंदाने म्हणाले, "आता नव्या पाळकांनीच छोटीशी प्रार्थना करावी, म्हणजे चहा घेऊ."

पाळकाने जीभ फिरवून पाहिली. ती जागेवर आली होती.

पंधरा मिनिटांनी डॉक्टर हळूच दार ओढून बाहेर आले. व्हरांड्यात बायको टायमर हातात घेऊन बसली होती.

"अभिनंदन," डॉक्टर कुजबुजले. "पास झाले. पेशंट खोळंबलेत, म्हणून निघालो."

"डॉक्टर, औषधाच्या दुकानात नऊ वर्षं काढलीत मी. सुटलेली कॅप चिकटवायला इंजेक्शन कशाला लागतं?"

"लागत नाही." डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं. "गेल्या वर्षी ती बेचाळीस मिनिटं मी ऐकली आहेत, ताई. माणूस चांगला, म्हणून वाईट वाटलं होतं. शिवाय कृपा म्हणजे काय, ते त्यांनीच आत सांगितलं. कमावली नाही, तरी मिळाली."

आतून आवाज येत होता, "...आणि हे प्रभू, आता आम्ही दुसऱ्या मुद्द्याकडे वळतो..."

बायकोने पर्समधून टॉफी काढली, सोलली आणि दाराला हात घातला.

"डाव्या बाजूने द्या," डॉक्टर म्हणाले. "उजवी अजून नीट बसली नाहीये."