हरिभाऊंच्या फियाटचा डावा दिवा

हरिभाऊ भिड्यांच्या फियाटच्या डाव्या हेडलाइटमध्ये पाणी धरलं, आणि तेही नेमकं शेतकरी मेळाव्याच्या आठ दिवस आधी. पेरणीच्या तोंडावर बियाण्याबद्दल बोलायला दापोलीच्या कृषी विद्यापीठातून साहेब यायचे होते. त्यांना रत्नागिरीच्या एसटी स्टँडवरून भाट्याला आणायचा मान हरिभाऊंच्या गाडीला मिळाला होता. सुखासुखी नव्हे हो! गावातल्याच राजाभाऊ सोमणांनी त्याच साली नवीकोरी मारुती घेतली होती आणि ते टपूनच बसले होते.

“मोतीबिंदू झालाय तुमच्या गाडीला,” राजाभाऊ दिव्याकडे वाकून म्हणाले. “राहू दे, साहेबांना मी आणतो.”

हरिभाऊंच्या अंगाचा तिळपापड झाला. आता गॅरेजात जायचं म्हणजे राजाभाऊंचं म्हणणं कबूल करायचं. ते त्यांना मेले तरी जमलं नसतं. त्यांनी स्वतः काच काढली, पुसली, स्टोव्हपाशी धरून वाळवली आणि बसवली. सकाळी बघतात तर आत पुन्हा थेंब, आदल्या दिवसापेक्षा टपोरे.

“अहो, मिठाच्या बरणीत मी तांदूळ घालते ना, तसे घाला मूठभर,” दमयंतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “मीठ बघा कसं मोकळं राहतं!”

हरिभाऊंनी लगेच केरू गड्याला हुकूम सोडला, “दिव्यात मूठभर तांदूळ टाक आणि काच घट्ट लाव.”

केरू पन्नाशीचा, जाणता माणूस. खायचे तांदूळ दिव्यात घालायचे हे काही त्याच्या मनाला पटेना. त्याने बियाण्याच्या कणगीतलं मूठभर भात घेतलं आणि दिलं टाकून. ओल शोषल्याशी कारण!

वर हरिभाऊ रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास इंजिन चालू ठेवून दिवे लावायचे. उबेने ओल पळते म्हणे. तेवढा वेळ गाडीवरची ताडपत्री दारापुरतीच उचलून स्वतः आत बसून पेपर वाचायचे; पुढचा भाग ऊब टिकावी म्हणून झाकलेलाच.

मेळाव्याच्या सकाळी त्यांनी ताडपत्री ओढली. डाव्या दिव्यात हिरवंगार शेत उभं होतं.

“केऱ्या, मेल्या, काय टाकलंस हे?”

“बियानं, भाऊ. तांदूळ कशाला नासवायचं?” केरू कौतुकाने काचेकडे बघत म्हणाला. “पन रुजलंय बघा कसं झकास!”

काच काढायला जावं तर स्क्रू गंजून बसलेला. एसटी यायला उरली वीस मिनिटं. शेवटी साहेबांसाठी आणलेला हार हरिभाऊंनी दिव्यावर घातला, केरूला शेजारी कोंबलं आणि गाडी हाणली.

स्टँडवर राजाभाऊ मारुती घेऊन हजर! म्हणे, लागलीच मदत तर असावी. हरिभाऊ दिव्यापुढे खांबासारखे उभे राहिले. साहेब उतरले, नमस्कार-चमत्कार झाले.

“अहो, हार घाला की साहेबांना!” असं म्हणत राजाभाऊंनी बाजूने हात घालून हार उचललाच.

साहेब दिव्याकडे वाकले. चष्मा पुसून पुन्हा वाकले.

“हे कोणी केलं?”

हरिभाऊ दोन पावलं मागे सरले. मान गेला, गाडीची अब्रू गेली, आणि राजाभाऊ आता हे वर्षभर गावाला सांगत सुटणार!

“माझा काही संबंध नाही, साहेब! सगळी अक्कल या केरूची. मी तर तांदूळ टाक म्हणालो होतो!”

साहेबांनी केरूचे दोन्ही हात हातात घेतले. “अहो, एक दाणा फुकट गेलेला नाही! पेरणीआधी बियाणं असं रुजवून बघा, हेच सांगायला मी आलोय. तेही काचेत, चार माणसांना दिसेल असं! कुठलं हो बियाणं?”

“घरचंच, साहेब. मीच राखलेलं,” केरू म्हणाला. त्याची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायचंच बाकी होतं.

साहेबांनी राजाभाऊंच्या हातातला हार घेऊन केरूच्याच गळ्यात घातला. “मग तुम्ही बसा माझ्याजवळ. आज आधी तुम्ही बोलायचं, मग मी. आणि जायचं याच गाडीतून.”

राजाभाऊंचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यापुरता हरिभाऊंचा ऊर भरून आला. साहेब अखेर फियाटमध्येच बसले होते! मागच्या सीटवर साहेब, त्यांच्या शेजारी हार घातलेला केरू, आणि पुढे गाडी हाकायला एकटे हरिभाऊ.

भाट्याच्या पुलावर गाडी खड्ड्यात आदळली. केरू पुढे वाकला आणि त्याने मालकाच्या खांद्यावर हात ठेवला.

“भाऊ, जरा दमानं घ्या. आमी बोलतोय.”

हरिभाऊंनी मुकाट्याने गाडी हळू केली.