भुशाजवळची विडी

मनेजर हात जोडून आपल्याला कामावर परत बोलावणार, हे मुखरूनं बायकोला इतक्यांदा सांगितलं होतं की धुरपता आता नुसतं ‘हो’ म्हणायची.

कुरखेड्याच्या वाटेवर एका ठेकेदाराची लाकूड कापायची आरामशीन होती. मुखरू तिथं सागाचे लठ्ठे पात्यावर चढवायचा. लाकडाच्या भुशाजवळ विडी ओढताना तो सापडला आणि मनेजरनं त्याला घरी बसवलं. विडीबंदी योग्यच होती. एक ठिणगी पडली असती तर मशीन, माल, माणसं, सगळ्यांचीच होळी झाली असती. पण त्याच भुशाजवळ मनेजरचा साळा भैयाजी रोज धूर काढायचा आणि त्याला मनेजर फार तर डोळे वटारायचा.

“पण विडी तर तुमीबी ओढली ना?” धुरपता म्हणाली.

“ओढली. पण गुन्हा सारखा, तं सजाबी सारखी पायजे. कायदाच हाय तसा.”

हा कायदा त्याला बाजारात एका युनियनवाल्यानं समजावला होता. माणसाचं म्हणणं न ऐकता त्याला घरी बसवता येत नाही, हेही त्यानंच सांगितलं होतं. मुखरूनं त्याच्याकडून तक्रार धाडली आणि काही दिवसांनी नागपूरहून खरोखरच लेबर साहेब आले.

साहेब शांत माणूस. मोहाच्या सावलीत खुर्ची टाकून त्यांनी सगळ्यांना बोलावलं. मुखरूनं छाती काढून भैयाजीकडे बोट दाखवलं. भैयाजीनं विडीला कधी शिवलोच नाही म्हणून कानावर हात ठेवले. मग साहेबांनी साक्षीदार मागितला, आणि मुखरूनं सोबत काम करणाऱ्या पोचूला पुढं केलं. पोचू जन्मात खोटं बोलला नव्हता. मुखरूनं त्याला निवडला तो त्यासाठीच.

भैयाजीला विडी ओढताना पाहिलं, असं पोचूनं ठासून सांगितलं. किती जवळून, असं साहेबांनी विचारलं.

“लय जवळून जी. त्याच्याच विडीवर मी माही पेटवून राह्यलो होतो.”

मुखरूनं डोळे मिटून घेतले. आणखी कोण होतं, असं साहेबांनी विचारताच पोचूनं झिंगूचं नाव घेतलं, कारण भैयाजीची विडी पेटली होती ती झिंगूच्या काडेपेटीनं. झिंगूनं करवतवाल्याला ओढलं, करवतवाल्यानं हमालांना. पाहता पाहता निम्मी आरामशीन एका रांगेत उभी राहिली. तुम्हाला हे कधी दिसलं नाही का, असं साहेबांनी मनेजरला विचारलं.

“एवढ्या धुरात नीट दिसत नाई साहेब,” मनेजर म्हणाला.

साहेबांनी निकाल दिला. सगळ्यांना मोकळं सोडून एकट्या मुखरूला घरी बसवणं हा अन्याय आहे, त्याला लगेच कामावर घ्या. आणि यापुढं बंदी सगळ्यांना सारखी; नातेवाईकांनासुद्धा.

मुखरूचा आनंद मावेना. त्यानं वळून सोबत्यांकडे पाहिलं, तर एकजणही त्याच्याकडे बघेल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी मनेजर फाटकावर एक रिकामा डबा घेऊन उभा होता. आत येणाऱ्या प्रत्येकाची झडती घेऊन सापडेल ती विडी डब्यात टाकायची होती आणि कोण कोण विडी ओढतो हे मुखरूइतकं कोणाला ठाऊक? डबा मुखरूच्या हाती आला. समोर भैयाजी, पोचू, झिंगू, सगळे रांगेत उभे होते.

मुखरूनं घसा साफ केला. “सुरुवात कोणापासून करू, साहेब?”

मनेजर नुसता त्याच्या कानाकडे बघत राहिला. मग बाकीचेही बघू लागले.

मुखरूनं कानावर खोचलेली विडी काढली आणि मुकाट्यानं डब्यात टाकली.